पंचांगात नसलेला काळोख

ताईला शेवटचं भेटलो ते गणपती उरकल्यावर. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण बोलणं तेच, खणखणीत. खिडकीजवळच्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती आणि मी तिला आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या लिफ्टचं रडगाणं ऐकवत होतो. मध्येच तिने बोट वर केलं. भिंतीवरच्या लाकडी पेटीतून ‘टक’ असा आवाज आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. “लागलो,” ती आमच्या मालवणीत म्हणाली, आणि लगेच, “हां, मग लिफ्टचा काय झाला?” बाहेर अंगणातल्या खांबावरचा दिवा लुकलुकू लागला होता. मला तो दिसत होता, तिला दिसत नव्हता, आणि तरी तो लागल्याचं मला तिने सांगितलं... पुढे महिनाभरातच खालच्या वाडीतल्या गोपाळदाच्या सुनेचा फोन आला. ताई काल दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मी विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलंच, की काल संध्याकाळी दिवा लागला होता का. “लागलो होतो,” ती म्हणाली, “आजय लागलो.” त्या घरात माणूस गेलं होतं आणि दिवा आपल्या वेळेला लागला होता, हे काही केल्या माझ्या मनातून जाईना.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. शिरोड्याच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही, कोणी विचारलं तर म्हणायची, “राहून गेलं.” शिरोड्याहून रेडीकडे जाताना खाडीच्या तोंडावर एक टेकाड आहे, त्यावर काकांनी बांधलेलं घर, मागे काजूची झाडं आणि समोर समुद्र. काका गेल्यावर त्या घरात ती आणि तिचा पसारा. पसारा म्हणजे जुन्या रेडिओंची पोटं, तांब्याच्या तारांची भेंडोळी, बिस्किटांच्या डब्यांत रंगवार लावलेले रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर. तिला हा नाद कुठून लागला देव जाणे. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी बल्बसुद्धा स्वतः बदललेला नव्हता. मे महिन्यात मी तिच्याकडे राहायला जायचो तेव्हा घरात आंब्याच्या वासात सोल्डरिंगच्या राळेचा वास मिसळलेला असायचा, आणि अजूनही मला त्यातला एक वास आला की दुसरा आठवतो. पंचक्रोशीतले बिघडलेले रेडिओ तिच्याकडे यायचे. पैसे घ्यायची नाही. बांगडे, तिसऱ्या, फणस, जे येईल ते घ्यायची. मी पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर झालो तो त्या राळेच्या वासामुळेच, हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं.

दिव्याची गोष्ट सुरू झाली ती गोपाळदामुळे. गोपाळदा हा टेकाडाखालच्या वाडीतला तांडेल, होडी चालवणारा. एका संध्याकाळी परत येताना त्याच्या धाकट्या भावाने किनाऱ्यावरचा कुणाच्या तरी घरचा दिवा बघून खाडीचं तोंड तेच असं धरलं, आणि होडी खडकांवर घातली. भाऊ गेला. काही महिन्यांनी गोपाळदा रेडिओ दुरुस्तीला घेऊन आला आणि पायरीवर बसून म्हणाला, “बाय, ह्येच्यावर वादळ कळता. पण खाडीचा तोंड खंय ता कळणा नाय.” ताईने रेडिओ दुरुस्त करून दिला. मग रेडीच्या खनिजाच्या ट्रकांपैकी एका मोडीत निघालेल्या ट्रकचा हेडलाइट मिळवला, त्याच ट्रकची बॅटरी मिळवली, म्हणजे वीज गेली तरी अडायला नको. अंगणात लोखंडी पाइपचा खांब रोवला. आणि दिवा रोज आपोआप लागावा म्हणून एक सर्किट जोडलं. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर, एक कपॅसिटर, एक रिले, म्हणजे विजेवर ‘टक’ करून चालू-बंद होणारा स्विच, आणि एक एलडीआर. एलडीआर म्हणजे उजेडात वीज सहज जाऊ देणारा आणि काळोखात अडवून धरणारा, शर्टाच्या बटणाएवढा तुकडा. ताई त्याला ‘डोळो’ म्हणायची. तो तिने औषधाच्या काचेच्या बाटलीत घालून, बूच मेणाने बंद करून, खिडकीबाहेर समुद्राकडे तोंड करून बसवला.

पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. दिवा लागला, त्याचा उजेड चुना मारलेल्या भिंतीवर पडला, भिंतीवरून डोळ्यावर पडला. डोळ्याला वाटलं, उजाडलं! त्याने दिवा विझवला. विझला की पुन्हा काळोख, पुन्हा लागला... असं रात्रभर. तेही घड्याळासारखं नाही, एक उघडझाप लांब, एक आखूड, मध्येच एक अडखळलेली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिलं पाऊल टाकणारा प्रत्येक जण ही चूक एकदा करतोच, पण हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी साऱ्या समुद्राला दिसेल अशी करावी याची ताईला फार लाज वाटली. सकाळी ती पत्र्याचं टोपडं कापायला बसली होती, डोळ्याला आड करायला. तेवढ्यात गोपाळदा चढण चढून आला. “बाय, तसोच रवांदे,” तो म्हणाला. “घराघरात दिवे आसत. लुकलुकणारो ह्यो एकच.” ताईने कात्री खाली ठेवली. पुढे त्या वाडीतले लोक समुद्रावरून तो दिवा माणूस ओळखावा तसा ओळखायचे.

रोज शाळेतून आली की चपला काढायच्या आधी ती खिडकीशी जायची आणि त्या बाटलीवर तळवा ठेवायची. लहान मुलाचे मागून डोळे झाकतात ना, अगदी तसा. आत पेटीत ‘टक’ व्हायचं, भर उन्हात दिवा लागायचा. हात काढला की विझायचा. झाली तपासणी. मग चपला, मग चहा.

आता माझी पाळी. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी पुण्याला एका कंपनीत लागलो होतो आणि आमच्या हातात नुकतेच मायक्रोकंट्रोलर आले होते. एका चिपमध्ये अख्खा छोटा कॉम्प्युटर, मेमरीसकट! आजच्या पोरांना त्याचं काही वाटणार नाही, पण आम्ही त्या वेळी हवेत होतो. ट्रान्झिस्टर-रेझिस्टर जोडत बसणारे आम्हाला बैलगाडी हाकणारे वाटायचे. कंपनीत बाद ठरलेली पण चालू असलेली एक चिप साहेबांना विचारून मी घरी आणली आणि ताईच्या दिव्यासाठी प्रोग्राम लिहिला. सूर्यास्ताच्या वेळा कुठून घ्याव्यात? घरात पंचांग होतंच. वर्षभराच्या, आठवड्याला एक अशा वेळा काढून मी त्या चिपच्या मेमरीत भरल्या. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पंचांग घालणारा मीच पहिला, अशी शेखीही मिरवली. दिवा सूर्यास्ताला लागणार, सूर्योदयाला विझणार आणि मध्ये अगदी सारख्या अंतराने उघडझाप करणार. अडखळणं नाही, काही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती चिप आणि तिचं खोकं घेऊन मी ताईकडे गेलो. ती चिप तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. त्या चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते, तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला की लिहिलेलं पुसलं जातं, मग नवं लिहिता येतं. “ह्येका पण डोळो आसा रे?” तिने विचारलं. मी म्हटलं, आहे, पण त्यावर कायम पट्टी चिकटवून ठेवायची. उन्हाचा उजेड लागत राहिला तर सगळं विसरते. ताई हसली. “म्हणजे डोळो आसून आंधळो,” ती म्हणाली. मला राग आला. मी तिला मेमरी, घड्याळ, क्रिस्टल सगळं समजावून सांगितलं. तिने इतके बारीक प्रश्न विचारले की दोन-तीन ठिकाणी माझीच त-त-प-प झाली. पण बसवायचं की नाही यावर तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

वाडीतल्या लोकांचं मात्र ठरेना. तरण्यांना माझा कॉम्प्युटर हवा होता, म्हाताऱ्यांना बायचा दिवा. आमच्याकडे असं अडलं की काय करतात ते सांगायला नकोच. देवळात गेलो. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि विचारलं, नवं यंत्र बसवूं काय. सगळे श्वास रोखून उभे. मी, मायक्रोकंट्रोलरचा इंजिनीअर, मीसुद्धा हात जोडून उभा... उजवी पाकळी पडली. देवाने कौल मला दिला! गोपाळदाने लगेच गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांनी जो काय दिवो लायलेलो आसा, तेका वाऱ्यापावसात जागो ठेव रे म्हाराजा,” आणि आम्ही सगळे म्हणालो, “होय म्हाराजा.” मी ताईकडे बघितलं. तीही मोठ्याने म्हणत होती.

घरी येऊन मी जुनं सर्किट सोडवायला पकड उचलली तर तिने माझा हात धरला. “देवाक नवो बसवूचो काय ता विचारलास,” ती म्हणाली. “जुनो काढूचो काय, ह्या कोणी विचारल्यान?” मी पकड खाली ठेवली. तिने माझ्या खोक्यातल्या रिलेच्या रिकाम्या पायाला आपली तार जोडली. रिलेला एक असा पाय असतो जो रिले झोपलेला असताना जोडलेला राहतो. म्हणजे माझी चिप कामावर असली की ताईचं सर्किट बाजूला, माझी चिप गप्प असली की ताईचं हजर. सगळी मिळून एक तार. “रातीक तुझी ड्युटी, दिवसा माझी,” ती म्हणाली. मी पोट धरून हसलो. म्हटलं, ताई, दिवसा दिव्याला कसली ड्युटी? गोपाळदाही हसला. ताईने तारेवर राळ लावली आणि डाग दिला.

पुढच्या वर्षी कार्तिकात मी पुन्हा गेलो. आकाश धुतल्यासारखं निळं होतं. गोपाळदा म्हणाला, चल, सुरमई लागतत. मी, तो आणि त्याचा मुलगा असे सकाळीच बाहेर पडलो. ताई शाळेत गेली होती. दुपारी जेवणं झाल्यावर दक्षिणेकडून काळं उठलं. मी म्हटलं, लांब आहे. गोपाळदाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्याने जाळं कापून टाकलं, ओढून घेत बसला नाही. जाळं कापणारा गोपाळदा मी कधी बघितला नव्हता. मग पाऊस आला. बघता बघता किनारा गेला, डोंगर गेले, होडीचं दुसरं टोकही पुसट झालं. वारा फिरत होता, आपण कुठे तोंड करून आहोत ते कळेना. लाटांच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळायला लागला, खडकांवर पाणी फुटल्याचा, पण तो उजवीकडून येतोय की डावीकडून... गोपाळदाचा मुलगा देवाचं नाव घेत होता. मी भिजलेल्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजत होते. माझ्या चिपमधलं पंचांग मला तोंडपाठ होतं. दिवा लागायला अजून तीन तास होते. आपण मरणार, आणि मी स्वतः भरलेल्या आकड्यांप्रमाणे मरणार, असा एक विचित्र विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला सांगू, मी रडलो.

गोपाळदाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डावीकडे बोट दाखवलं. काहीच नव्हतं. मग होतं. मग नव्हतं. एक लांब, एक आखूड, आणि मध्ये एक अडखळलेली उघडझाप. माझ्या चिपची उघडझाप सारखी असते, ही सारखी नव्हती. भर दुपारी तीन वाजता, दिवसाच्या ड्युटीवर... “बायचो दिवो,” गोपाळदा म्हणाला, हळूच, देवळात बोलावं तसा. त्याने सुकाणू फिरवलं. मी त्या ठिपक्यावरून नजर काढली नाही. आयुष्यात मी पुढे पुष्कळ मोठमोठी यंत्रं पाहिली, परदेशात पाहिली, पण अंगावर काटा यावा आणि हात आपोआप जोडले जावेत असं पुन्हा कधी झालं नाही. दोन ट्रान्झिस्टर होते हो ते! मूठभर रेझिस्टर!

खाडीत शिरलो तेव्हा धक्क्यावर अख्खी वाडी होती आणि ताई पुढे, नखशिखांत भिजलेली. मला वाटलं, तिनेच घरी येऊन हाताने दिवा लावला असणार. तिला मिठी मारून तेच विचारलं. “मी खंय पेटवलंय?” ती म्हणाली. “मी शाळेत होतंय.” नंतर गोपाळदाच्या बायकोने सांगितलं ते असं. आभाळ भरताच ताई वर्ग सोडून, कुणाच्या तरी सायकलच्या मागे बसून, मग पळत टेकाडाकडे आली, दिवा हाताने लावायला. चढणीच्या निम्म्यावर तिला तो दिसला, आधीच लागलेला. तिथेच चिखलात बसली आणि हुंदके देऊन रडली. तिला स्वतःलाही खात्री नव्हती! रोज त्या बाटलीवर तळवा ठेवणाऱ्या बाईला, आपण केलेली वस्तू आपल्या पाठीमागे काळोख ओळखील याची खात्री नव्हती...

त्या संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. मी खालमानेने म्हटलं, उद्या माझं खोकं काढतो. “काढूचा नाय,” ती म्हणाली, “देवान कौल दिल्यान.” मग कप खाली ठेवून म्हणाली, “पंचांगात सूर्यास्त लिवलेलो असता रे बाबू. काळोख लिवलेलो नसता.” ती मला हिणवत नव्हती. शिकवायचं झालं की तिचा आवाज जरा खाली यायचा, तसा खाली आला होता. तिचं म्हणणं असं की नवं चांगलं की जुनं चांगलं, हा प्रश्नच चुकीचा. वस्तूला काय कळायला हवं ते आधी विचारावं. वेळ कळायला हवी तर चिप, तिच्यासारखी दुसरी नाही. काळोख, ऊन, पाणी, ताप कळायला हवा तर त्याला डोळा द्यावा, कान द्यावा, आणि शक्य तितकी कमी अक्कल द्यावी. मी वाद घातला, म्हटलं, चिपलाही एलडीआर जोडता येतो. “येता मां,” ती म्हणाली. “पण तुका जोडूचा सुचला नाय. कित्याक? तुझ्याकडे पंचांग होता.” इतकं खरं बोलणं मी कुठल्याही कॉन्फरन्समध्ये ऐकलेलं नाही.

आणि ती काही चिपच्या विरोधात होती असं समजू नका. माझ्या त्याच मुक्कामात तिने माझ्याकडून प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं, चाळिशी ओलांडल्यावर, आणि चिपला आकडे सोळाच्या हिशोबात द्यावे लागत म्हणून सोळाच्या पाढ्यासकट. शाळेच्या घंटेसाठी तिने स्वतः प्रोग्राम लिहिला. शनिवारची अर्धी शाळा, मधली सुट्टी, सगळं त्यात. घंटा इतकी अचूक वाजायला लागली की हेडमास्तरांना स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला टाकावं लागलं. घंटेला फक्त वेळ कळायला हवी होती ना.

माझ्या खोक्याचं काय झालं ते तिने मला काही वर्षांनी हसत हसत सांगितलं. खाऱ्या हवेने चिपवरची पट्टी सुटली होती, आणि मे महिन्याचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून रोज तिच्यावर पडत राहिलं. “तुझ्या चिपाक उजेड लागलो आणि तो सगळा इसारलो,” ती म्हणाली. पंचांग पुसलं गेलं. रिले झोपला. आणि झोपलेल्या रिलेचा तो रिकामा पाय, जिथे तिने एक तार जोडली होती... वाडीत कोणाला काही कळलंच नाही. त्या दिवशीही दिवा लागला, अडखळत, जुन्या चालीने. फक्त गोपाळदाने विचारलं म्हणे, बाय, दिवो पयल्यासारखो झालो काय?

आता समुद्रावर प्रत्येक होडीत जीपीएस आहे. तो दिवा कोणाला लागत नाही. गोपाळदाही गेला. ताईने मात्र बॅटऱ्या बदलल्या, रिले बदलले, कपॅसिटर सुकले की नवे घातले, डोळे होते तोवर स्वतः, नंतर गोपाळदाच्या सुनेला शेजारी बसवून, बोटांनी चाचपून सांगत. दिसेनासं झाल्यावरही दुपारचा चहा घ्यायच्या आधी खिडकीतून हात बाहेर काढून ती बाटलीवर तळवा ठेवायची आणि कान देऊन ऐकायची.

बाराव्याला सगळे जेवून गेले. मी एकटाच तिच्या खोलीत आलो. खाट आवरलेली, डब्यांवर धूळ नाही, भिंतीवर ती पेटी. दुपार होती, लख्ख ऊन. खिडकीतून हात बाहेर काढला. बाटली उन्हाने तापलेली होती. तिच्यावर तळवा ठेवला आणि थांबलो. वाटलं, आता काही होणार नाही. इतक्या वर्षांनी, तिच्याशिवाय, कशाला होईल? आत पेटीत टक झालं.

खोलीत ऐकायला कोणी नव्हतं. पुण्यात जन्म काढलेला मी, मालवणी माझ्या तोंडून सुटून किती वर्षं झाली असतील. तरी मी मोठ्याने म्हणालो, “लागलो.”

हात लगेच काढला नाही.